दोन जिवांचे ताट

दिवाळी अंकातल्या या सदरासाठी यंदा फराळावर लिहावे असे मी योजले होते. पण डोंबिवलीच्या एका सासूबाईंचे पत्र आले आणि तो बेत बाजूला राहिला. फराळाच्या कृती अंकाच्या इतर पानांवर असतीलच. पत्रातला मुख्य मजकूर असा आहे:

"माझ्या सुनेला पाचवा महिना लागला आहे. मुंबईला कचेरीत नोकरी करते, रोज गाडीने जाते-येते. परवा डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले तर हिमोग्लोबिन नऊ निघाले. ताई, घरात कशाची ददात नाही. दूध आहे, तूप आहे, रोज एक सफरचंद मी स्वतः कापून देते. मग हिच्या अंगी रक्त का नाही? शेजारी कुजबुज चालली आहे की सासू खायला घालत नसेल. ते मनाला फार लागले म्हणून लिहिते."

शेजारणींचे बोलणे आपण मनावर घेऊ नये. गर्भारपणात रक्त कमी असणे ही काही दारिद्र्याची किंवा सासूच्या आखडत्या हाताची खूण नव्हे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या दर शंभर गर्भवतींपैकी बावन्न जणींचे हिमोग्लोबिन अकराच्या खाली आढळले. बावन्न घरांतल्या सासवा काही एकाच वेळी कंजूष झाल्या नसतील!

गर्भारपणात अंगातले रक्त वाढते, पण त्यातला पाण्याचा भाग तांबड्या पेशींपेक्षा अधिक वाढतो, म्हणून आकडा थोडा उतरतो. ती उतरण धरूनच अकराची मर्यादा ठरवलेली आहे. दहाच्या खाली गेले की मध्यम प्रतीचा रक्तक्षय, सातच्या खाली गेले की गंभीर. तेव्हा नऊ हा आकडा हाय खाण्याचा नाही, पण 'पुढच्या वेळी बघू' म्हणण्याचाही नाही. बाळंतपणात रक्त जायचेच. जिच्या अंगी मुळात शिल्लक नाही तिला ते सोसत नाही. मूल कमी वजनाचे होणे, दिवस पुरे होण्याआधी होणे, हेही रक्तक्षयात अधिक घडते. साऱ्या गर्भारपणाला मिळून लोह लागते ते सुमारे एक हजार मिलिग्रॅम, म्हणजे एक ग्रॅम. लहानशा खिळ्याएवढे! पण ते रोजच्या जेवणातून कणाकणाने अंगी लागावे लागते, आणि घोडे अडते ते तिथेच.

आता दूध, तूप आणि सफरचंद. आपल्या घरांतली ही पौष्टिकाची ठरलेली त्रयी आहे, आणि लोहाच्या बाबतीत तिघांचेही हात रिकामे आहेत. दुधात लोह जवळजवळ नसतेच, उलट त्यातले कॅल्शियम जेवणातले लोह शोषले जाऊ देत नाही. तुपात ते नसते. कापलेले सफरचंद तांबूस होते म्हणून त्यात लोह भरपूर, ही समजूत निराधार आहे. बिटाच्या लाल रंगाचीही तीच गोष्ट. दूध देऊच नये असे मी म्हणत नाही, दुधाचे काम वेगळे आहे. पण रक्ताचे काम त्याच्यावर सोपवून आपण निर्धास्त राहिलो की फसगत होते.

सासूबाई, एक करा. सूनबाईंच्या पोटात दिवसभरात काय काय जाते ते एका कागदावर मांडा. गाडीने जाणाऱ्या पुष्कळ मुलींचा दिवस मी ऐकला आहे आणि तो थोड्याफार फरकाने असाच असतो. पहाटे उठल्यावर चहा. मळमळते म्हणून त्याबरोबर दोन बिस्किटे, की झाली न्याहारी. डब्यात पोळी आणि बटाट्याच्या काचऱ्या, कारण रसभाजी गाडीच्या गर्दीत सांडते. डबा झाला की चहा. चारला पुन्हा चहा. परतताना भुकेने जीव कासावीस होतो म्हणून स्टेशनाबाहेर वडापाव. रात्री छातीत जळजळते म्हणून चार घास भात. डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी आठ दिवस घेतली, उलटीसारखे होऊ लागले, शौचाला काळे झाले, म्हणून ती कपाटात गेली. आपण प्रेमाने कापलेले सफरचंद या दिवसात एखाद्या पाहुण्यासारखे येऊन जाते.

यात पहिला अपराधी चहा. चहातल्या तुरट द्रव्यांमुळे जेवणातले लोह अंगी लागत नाही. चहा सोडा म्हटले तर मराठी घरात कोणी ऐकणार नाही, मीही सोडलेला नाही. पण जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा नको. एवढ्याने सुद्धा फरक पडतो, आणि यात पैशाचा खर्च नाही.

दोन जिवांची म्हणून दुप्पट खायचे हीही एक चुकीची समजूत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने चौथ्या महिन्यापासून रोज सुमारे साडेतीनशे कॅलरी जास्त लागतात. म्हणजे दोन पोळ्या, वाटीभर उसळ आणि एखादे फळ. वाढवायचे ते एवढेच, पण काय वाढवायचे याला महत्त्व आहे. मटकी, मूग, हरभरे भिजवून त्यांना मोड आणण्याची आपल्या आज्यांची रीत शास्त्राला धरून आहे. कडधान्यात लोहाला बांधून ठेवणारा एक घटक असतो. मोड आले की तो कमी होतो आणि 'क' जीवनसत्त्व वाढते. उसळ खाली उतरवल्यावर वर लिंबू पिळावे, शिजताना पिळले तर त्यातले जीवनसत्त्व बरेचसे जाते. पोह्यावर लिंबू, वरणभातावर लिंबू हा आपल्याकडचा रिवाज निव्वळ चवीचा नाही. पेरू आणि आवळा हे तर 'क' जीवनसत्त्वाचे कोठार. फोडणीला लोखंडी कढई असेल तर आमसूल किंवा चिंचेच्या आंबटपणाने तिच्यातलेही थोडे लोह भाजीत उतरते. माळ्यावरची जुनी कढई खाली काढा.

पालेभाज्यांत लाल माठ, मेथी, राजगिऱ्याचा आणि शेवग्याचा पाला हे चांगले. पालक आणि अळू यांचा बोलबाला फार. पण त्यांतल्या ऑक्झॅलेटमुळे त्यांच्यातले खनिज अंगी लागायला अडथळा होतो. खाऊ नयेत असे नव्हे, त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तेवढ्याच गाईच्या दुधाच्या सुमारे तिप्पट. ज्यांना चालते त्यांनी अंडे पुरते शिजवून खावे. मासे खाणाऱ्यांनी बांगडा, तारली, बोंबील असे लहान मासे खावेत, मुशीसारखा मोठा शिकारी मासा मात्र टाळावा, त्यात पारा साठतो. आणि डब्यातली भाजी सांडते ही अडचण खरी असली तरी तिला तोड आहे. मटकी कोरडी परतून द्या, मेथीचे थालीपीठ द्या, बाजूला लिंबाची फोड द्या. मेथी रात्री निवडून ठेवायला चिरंजीवांना बसवा. पुरुषांच्या बोटांना ते काम जड जात नाही.

पपईबद्दल विचारणा येतेच, म्हणून सांगते. दोष आहे तो कच्च्या पपईच्या चिकात. पुरत्या पिकलेल्या पपईने अपाय होतो असे सिद्ध झालेले नाही. तरी मन घेत नसेल तर पेरू खावा, पपईवाचून कोणाचे अडत नाही.

पाल्याचे महत्त्व जगाला पटले त्याचा उगम आपल्या शेजारीच, परळला आहे, हे थोड्यांना ठाऊक असते. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईला आल्या. गर्भारपणात काही स्त्रियांना असा पांडुरोग होई की नेहमीच्या औषधांनी तो हटत नसे आणि पुष्कळ जणी दगावत. हाफकिन संस्थेत काम करताना विल्सबाईंनी नुसते रक्त तपासले नाही, या गोरगरीब स्त्रिया जेवतात काय याची चौकशी केली. त्यांच्या ताटात फळे, पालेभाज्या आणि सकस अन्न फार थोडे होते. मग बाईंनी त्यांना यीस्टचा अर्क देऊन पाहिला, विलायतेत पावाला लावून खातात ते मार्माइट. स्त्रिया झपाट्याने सुधारल्या. १९३१ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि त्या अज्ञात द्रव्याला 'विल्स घटक' असे नाव पडले. पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत काही टन पालकातून तो घटक वेगळा काढला, आणि पानाला लॅटिन भाषेत फोलियम म्हणतात म्हणून त्याचे नाव फॉलिक आम्ल ठेवले. आज गर्भवतीला पहिली गोळी मिळते ती त्याचीच. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा यांची घडण पहिल्या चार आठवड्यांतच होते, पुष्कळदा दिवस गेल्याचे कळण्याआधी. म्हणून ज्यांच्या मनात मूल व्हावे असे आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून ही गोळी आधीपासूनच घ्यावी.

आता कपाटात गेलेली लोहाची गोळी बाहेर काढू. अंगातली शिल्लक संपली असेल तर नुसत्या मेथीने ती भरून निघत नाही, गोळी लागतेच. सरकारी योजनेत साठ मिलिग्रॅम लोह आणि पाचशे मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल यांची एक गोळी चौथ्या महिन्यापासून रोज, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस देतात. रक्त कमी असेल तर डॉक्टर ती दुप्पटही करतात, पण ते त्यांनी ठरवायचे. शौचाला काळे होणे हे गोळीचे लक्षण आहे, रोगाचे नव्हे. मळमळत असेल तर ती रात्री निजताना लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यावी. दुधाबरोबर किंवा चहाबरोबर कधीच नको, आणि कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी नको, दोहोंत दोन तासांचे तरी अंतर असावे. इतके करूनही सोसत नसेल तर डॉक्टरांना सांगून दुसऱ्या प्रकारची मागावी. परस्पर बंद करून गप्प बसणे हा सर्वांत वाईट मार्ग.

गाडीविषयी लिहिल्याशिवाय आमच्या ठाणे-कल्याणकडच्या गर्भारपणाचे वर्णन पुरे व्हायचे नाही. धावत जाऊन चढणे, दारात उभे राहणे, जिन्यावरच्या लोंढ्यात शिरणे हे पाचव्या महिन्यातच काय, पहिल्या महिन्यापासूनच वर्ज्य समजावे. डोंबिवलीहूनच सुटणारी गाडी धरावी, नाहीतर उलट कल्याणला जाऊन बसून यावे. वेळ जाईल, पण पाठ वाचेल. दिव्यांगांसाठी राखलेल्या डब्यात गर्भवतीला बसण्याची मुभा आहे हे पुष्कळ मुलींना ठाऊक नसते, किंवा ठाऊक असून संकोच वाटतो. संकोच करू नये. पहिल्या तीन-चार महिन्यांत पोट दिसत नाही आणि कोणी उठून जागा देत नाही, नेमके तेव्हाच घेरी येण्याचे प्रमाण जास्त असते. डॉक्टरांची चिठ्ठी पाकिटात असू द्यावी. पर्समध्ये पाण्याची बाटली आणि मूठभर शेंगदाणे-गूळ असावा. घेरी येते ती बहुधा रिकाम्या पोटी उभे राहिल्यामुळे.

कचेरीत वेळ बदलून मागायलाही मुली भितात. मुंबई इलाख्यात कारखान्यांतल्या बायकांसाठी प्रसूतीच्या सवलतीचा कायदा १९२९ साली झाला. त्या विधेयकाच्या बाजूने डॉ. आंबेडकर १९२८ मध्ये कौन्सिलात बोलले होते. १९६१ मध्ये देशभरचा कायदा आला आणि २०१७ पासून पहिल्या दोन मुलांच्या वेळी सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा झाली, त्यातली आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. पण मुली आठवा महिना उलटेपर्यंत गाडीला लोंबकळतात, का, तर रजा बाळासाठी राखून ठेवायची! हा हिशेब मला पटत नाही.

स्टेशनाबाहेरच्या वडापावावर माझा तितका राग नाही, तो निदान उकळत्या तेलातून निघालेला असतो. भीती आहे ती पाण्याची. पाणीपुरी, बर्फाचा गोळा, उघडी कापलेली फळे, गाडीवरचे सरबत. दूषित पाण्यातून 'ई' प्रकारची कावीळ होते. इतरांना ती बहुधा येऊन जाते, पण गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१२ मध्ये इचलकरंजीत या काविळीची मोठी साथ आली, तिचे कारण पिण्याचे दूषित पाणीच. म्हणून घरचे पाणी बारवीचे असो, उल्हास नदीचे असो, वा टँकरचे, गर्भवतीसाठी ते खळखळ उकळावे. गच्चीवरची टाकी शेवटची कधी धुतली हे सोसायटीच्या चिटणिसांना विचारावे. बहुधा त्यांना आठवणार नाही.

सणाच्या दिवसांची पथ्ये थोडक्यात. स्टुलावर चढून जळमटे काढणे सूनबाईंकडे नको. भट्टीसारख्या स्वयंपाकघरात तासन् तास उभे राहून चकल्या तळणे नको. फटाक्यांच्या वेळी खिडक्या लावून आतल्या खोलीत बसावे. औद्योगिक वसाहतीजवळ राहणाऱ्यांनी रसायनाचा वास आला तरी हेच करावे आणि जमल्यास तेथून दूर जावे. २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांतले डोंबिवलीचे स्फोट आपण विसरलेलो नाही, पण या धोक्याचा बंदोबस्त गर्भवतीच्या हाती थोडाच आहे? लाडू-करंजी चवीपुरती. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्तातली साखर बघतात, ती १४० किंवा वर गेली तर गर्भारपणातला मधुमेह समजतात. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा सहाव्या महिन्याच्या सुमारास व्हावी. दिवाळी सरली की मार्गशीर्षातले गुरुवार येतील. दिवसभर कोरडे पोट ठेवण्याचा उपवास या दिवसांत नको, आणि साबुदाण्यात लोह नाममात्र असते. धरायचाच असेल तर राजगिरा, शेंगदाणे, खजूर, फळे वेळच्या वेळी घ्यावी.

कल्याण म्हटले की मला आनंदीबाई जोशी आठवतात. ३१ मार्च १८६५ रोजी त्या कल्याणात जन्मल्या. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि उपचारांवाचून दहा दिवसांत गेला. त्या दुःखातून ही मुलगी सातासमुद्रापलीकडे गेली आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली. तिच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधले प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूकही झाली होती, पण २६ फेब्रुवारी १८८७ ला, वयाची बाविशी पुरी होण्याआधीच, त्या पुण्यात वारल्या. एकाही बाळंतिणीवर इथे उपचार करणे त्यांच्या नशिबी आले नाही.

आज त्याच कल्याणात रुक्मिणीबाई रुग्णालय आहे, डोंबिवलीत शास्त्रीनगरचे आहे, कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, खाजगी प्रसूतिगृहे तर गल्लोगल्ली. प्रत्येक महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी २०१६ पासून सुरू झाली आहे. असे असूनही 'तिसरा महिना सरेपर्यंत कोणाला सांगायचे नाही' या रूढीपायी डॉक्टरांनाही सांगत नाहीत अशी सुशिक्षित घरे मला माहीत आहेत. शेजारी सांगू नका, आत्याबाईंना सांगू नका, पण डॉक्टरांना दुसऱ्याच महिन्यात सांगा. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते, तेव्हा सासरच्या डॉक्टरांचे सगळे कागद बरोबर द्यावे आणि माहेरगावच्या प्रसूतिगृहात नाव आधीच घालावे. डोंबिवलीची फाइल कपाटात आणि बाळंतीण ठाण्यात, असा घोळ ऐन रात्री महागात पडतो. डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधुक दिसणे, तोंडावर व हातांवर सूज, रक्त किंवा पाणी जाणे, ताप, डोळे पिवळे होणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांतले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

गोळी नीट चालू झाल्यावर महिन्याने रक्त पुन्हा तपासावे. साधारण एक ग्रॅमने आकडा चढायला हवा. चढला नाही तर डॉक्टरांना थॅलॅसेमियाची तपासणी विचारावी. या रोगाचा वाहक असणाऱ्या माणसाला स्वतःला काही होत नाही, पण रक्त थोडे कमीच राहते आणि लोह देऊन वाढत नाही. फाळणीनंतर कल्याणच्या छावणीत सिंधी बांधव आले आणि १९४९ मध्ये तिथे उल्हासनगर वसले. त्या समाजात, तसेच पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली मंडळींत वाहकांचे प्रमाण अधिक आहे, पण आपल्या मराठी घरांतही ते सापडतात, आणि आता आंतरजातीय विवाह घरोघर होतात. स्त्री वाहक निघाली तर नवऱ्याचेही रक्त तपासावे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक वेळी चारांत एक अशी शक्यता असते की मूल गंभीर थॅलॅसेमिया घेऊन येईल आणि त्याला जन्मभर रक्त चढवावे लागेल. दुसऱ्या महिन्यात कळले तर पुढचा सल्ला घ्यायला अवधी मिळतो. पाचव्यात कळले तर घरातल्या सगळ्यांची झोप उडते. नवऱ्याला कचेरीत जायला एक दिवस अर्धा तास उशीर होईल, तो होऊ द्यावा.